कुंपणाशी कोणी जायचे

टेनली श्रोडरचे पत्र मला गेल्या ऑगस्टमध्ये आले आणि मी त्याला उत्तर दिले नाही.

वहीतून जपून कापलेले एक पान होते. अक्षर इतके नीट, की आधी कच्चे लिहून मग पक्के केले असावे. हार्लो बेंडच्या वाचनालयात मी सदतीस वर्षे काढली. मुलांनी घाईत लिहिलेले कोणते आणि मन लावून लिहिलेले कोणते, एवढे मला कळते. दुसरे फारसे काही कळते असा माझा दावा नाही.

पत्र छोटे होते.

“मिस्टर हॉगन, मी टेनली. बारा वर्षांखालच्या संघात चेंडू टाकणारी, पिचर. जुलैतल्या सामन्यात तुम्ही पंच होता. प्रेक्षकाला बाहेर जायला सांगायचं काम पिचरचं असतं का? मी लीगचं नियमांचं पुस्तक दोनदा वाचलं. मला ते सापडलं नाही. तसा नियम असेल तर त्याचा नंबर कळवा. मला तो घरी दाखवायचा आहे.”

‘घरी’ या शब्दाखाली रेघ मारली होती.

तसा नियम नाही. हे मला पत्र वाचताक्षणीच ठाऊक होते आणि एका ओळीत उत्तर देऊन मोकळे होता आले असते. पण ती ओळ लिहिली की दुसरी लिहावी लागणार होती, ती म्हणजे मग टेनलीला कुंपणाशी का जावे लागले. आणि ती लिहिली की तिसरी, त्या वेळी पंच काय करत होता.

मी पंच झालो तो निवृत्त झाल्यावर, आणि तोही व्हर्ना कोलाचेकमुळे. व्हर्ना आमच्या लीगच्या पंचांची प्रमुख. तीस वर्षे तिने शाळेत गणित शिकवले, आता मुलींच्या सॉफ्टबॉलला शिस्त लावते. एकदा वाचनालयात येऊन म्हणाली, “लोवेल, तुला नियमांचं पुस्तक तोंडपाठ आहे असं ऐकते. मग घरी बसून कोणाला म्हणून दाखवतोस?”

“माझा आवाज बारीक आहे,” मी म्हणालो.

“स्ट्राईकला हात वर करायचा असतो. हाताला कसला आला आवाज?”

नियमांचे आणि माझे जमते. माणसांचे आणि माझे तितकेसे नाही. मुखवटा चढवून होम प्लेटच्या, म्हणजे बॅट घेतलेल्या मुलीजवळ जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या पाटीच्या, मागे उभे राहिले की माणसांशी बोलायची वेळ येणार नाही, असा माझा हिशेब होता, आणि तो पुष्कळसा बरोबर निघाला. आमच्याकडे पंच प्रेक्षकांशी बोलतच नाही. कोणी हाताबाहेर गेला तर पंच खेळ थांबवतो, तो माणूस ज्या संघाचा असेल त्या संघाच्या कोचला बोलावतो आणि सांगतो. पुढचे कोचने करायचे. कुंपणाशी जायचे, त्या माणसाला निघायला सांगायचे. तो निघेपर्यंत खेळ बंद. नाहीच निघाला तर सामना समोरच्या संघाला. नियम अकरावा. मला हा नियम फार आवडत असे. त्यात पंचाला कुंपणाकडे बघावेही लागत नाही.

त्या शनिवारी दुपारी धान्याच्या कोठारामागच्या मैदानावर साठ-सत्तर माणसे असतील. घडीच्या खुर्च्या, बर्फाचे रंगीत गोळे, सूर्यफुलाच्या बिया फोडून थुंकणारी पोरे. टेनलीचा बाप ब्रेंट श्रोडर बरोबर माझ्या पाठीमागे, कुंपणाच्या जाळीला खुर्ची टेकवून बसला होता. त्याचे गावात बियाण्यांचे दुकान आहे. माणूस वाईट नाही. आधीच्या हिवाळ्यात माझ्या दारातला बर्फ तो न सांगता यंत्राने ढकलून गेला होता, आणि मी आभार मानायला बाहेर येईपर्यंत थांबलाही नव्हता.

पहिल्या डावात तो ओरडला, “ओ ग्रंथपाल! जरा मोठ्यानं! वाचनालय नाहीये हे!”

लोक हसले. मुखवट्याआड मीही हसलो. विनोद बरा होता.

थोड्या वेळाने, “स्ट्राईक होती ती, हॉगन! तुमचे डोळे परत करायची तारीख उलटून गेलीय!”

हेही मी सोडून दिले. पंचाला बोलणे हा खेळाचा भागच समजतात. मग तो पोरीकडे वळला.

“मनगट, टेनली! मनगट! शंभरदा सांगितलं ना? हाताला काय लोणी लावून आलीस?”

टेनलीने एकदाही मागे पाहिले नाही. प्रत्येक चेंडू टाकल्यावर ती पायाखालच्या मातीकडे बघे आणि बुटाने तीच ती जागा सारखी करी.

दुसऱ्या डावात समोरच्या संघाची एक अंगाने भरलेली मुलगी बॅट घेऊन आली. ब्रेंट म्हणाला, “घाल सरळ मधोमध! हिला कुठं बाजूला सरकता येतंय? दारातून आत येते तेच नशीब!”

मुलगी माझ्यापासून दोन हातांवर होती. ती रेषेबाहेर गेली आणि हेल्मेट नीट करू लागली. हेल्मेट नीटच होते. हनुवटी मात्र थरथरत होती, आणि ती माझ्याशिवाय कोणाला दिसण्यासारखी नव्हती.

मी थांबवले नाही. एकदा बोलला, पुन्हा नाही बोलणार, असे मी स्वतःला सांगितले. पाचव्या डावात तीच मुलगी परत आली आणि तो तेच, जरा अधिक चढ्या आवाजात बोलला, तेव्हा मी दोन्ही हात वर करून खेळ थांबवला आणि टॉड बेनिंगला बोलावले. टॉड टेनलीच्या संघाचा कोच.

“टॉड, त्यांना जायला सांगा.”

टॉडने जाळीकडे पाहिले. “सर, एकदा समज देऊन बघू या का?”

“ते दुसऱ्या डावात करायला हवं होतं. आता जायलाच सांगा.”

“सर, मी त्यांच्याच दुकानाची गाडी चालवतो. सोमवारी सकाळी सहाला मला त्यांच्यासमोर उभं राहायचंय.”

“नियम हे काम तुमच्यावर टाकतो, टॉड. माझ्यावर नाही.”

हे मी बोललो. पुस्तकाप्रमाणे ते बरोबर होते.

टॉड कुंपणाकडे गेला नाही. पिचर जिथून चेंडू टाकते त्या वर्तुळाकडे तो गेला आणि वाकून टेनलीशी काहीतरी बोलला. मला वाटले, पोरीला धीर देत असेल. मी खिशातला छोटा ब्रश काढून प्लेट झाडायला वाकलो. प्लेट झाडताना पंचाने मैदानाकडे पाठ करायची, प्रेक्षकांकडे करायची नाही, अशी आमच्यात रीत आहे. त्यामुळे कुंपण माझ्या अगदी समोर होते. टेनली माझ्या बाजूने चालत जाळीशी गेली ते मी पाहिले, आणि बोलणेही सगळे ऐकले.

“बाबा, तुला जायला सांगितलंय.”

“कोणी?”

“जा ना, बाबा. प्लीज.”

“कोणी सांगितलं ते विचारतोय मी.”

तिने टॉडकडे पाहिले. टॉड धावांची वही चाळत होता. तिने माझ्याकडे पाहिले. मी प्लेट झाडत होतो. प्लेट केव्हाच स्वच्छ झाली होती.

“मीच सांगतेय,” ती म्हणाली.

ब्रेंट उठून खुर्चीची घडी घालू लागला. एक पाय अडकला, त्यात वेळ गेला. तेवढ्यात कोणीतरी टाळी वाजवली, मग दुसऱ्याने, आणि तो गाडीपर्यंत पोचेतो बहुतेक सगळेच टाळ्या वाजवत होते. मुली बाकावर बसून आपल्या संघासाठी गात असतात, ती गाणी मात्र थांबली होती. टेनली वर्तुळात परतली, पुढच्या दोघींना तिने सहा चेंडूंत बाद केले, आणि त्यांचा संघ सामना जिंकला. मी वहीवर सही करून घरी आलो.

पत्राचे उत्तर मी ऑगस्टपासून लिहीत होतो. सहा मसुदे झाले. एक चार पानांचा होता आणि त्यात पंच या संस्थेचा थोडाफार इतिहासही आला होता. एक इतका थोडक्यात होता की उद्धट वाटला. टॉडचे नाव घातले तर त्याच्या नोकरीचे काय, आणि गाळले तर खोटे. सामन्यानंतर पंचाने खेळाडूला पत्र लिहू नये असा काही नियम आहे का, तेही मी पुस्तकात शोधले. नव्हता. तरी दोनेक महिने मी तो असल्यासारखा वागलो. पुढे थंडी पडली, मैदानावर बर्फ साचला, आणि पत्र शब्दकोशात ठेवलेले होते ते तिथेच राहिले.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी सकाळी अग्निशमन केंद्राच्या वरच्या खोलीत पंचांची बैठक असते. कॉफी केंद्राची, आणि खसखशीचे सारण भरलेले गोड पाव व्हर्नाच्या घरचे. यंदाचा विषय तिने फळ्यावर लिहिला होता: कुंपणापलीकडचे लोक.

“मी तर हसतो,” डुएन म्हणाला. डुएन प्लंबर आहे आणि आमच्यातला सगळ्यात दांडगा पंच. “कोणी शिवी दिली की वळून गोड हसायचं. माणूस घाबरतोच.”

“तुझे दात पाहून घाबरत असेल,” व्हर्ना म्हणाली. “हसायचं नाही, वळायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. कुंपणाशी बोललं की कुंपण उलट बोलतं. आता नीट ऐका. तुम्हाला शिव्या दिल्या तर तुम्ही बहिरे. लेकरांना दिल्या तर पहिल्या शब्दाला ऐकू आलं पाहिजे. पहिल्या. दुसऱ्याची वाट बघायची नाही.”

“आणि लोवेलला?” डुएन म्हणाला. “त्याला तर सशाचे कान. पलीकडच्या गावातलं ऐकू येतं.”

सगळे हसले. ज्याला सगळे ऐकू येते आणि ते मनाला लागते, त्या पंचाला आमच्याकडे सशाचे कान म्हणतात.

मी हात वर केला. बैठकीत मी सहसा हात वर करत नाही. “समजा, कोचला सांगितलं, आणि कोच स्वतः न जाता एखाद्या मुलीला पाठवतो. तर काय करायचं?”

समजा म्हणण्यात काही अर्थ नव्हता. निम्मे पंच त्या दिवशी मैदानावर होते.

“तर तिला अर्ध्या वाटेतून परत बोलवायचं,” व्हर्ना म्हणाली. “आणि कोच जाईपर्यंत तिथंच उभं राहायचं. सूर्य मावळला तरी.”

बैठक संपल्यावर मी कप धूत होतो, तेव्हा ती फडके घेऊन शेजारी उभी राहिली.

“श्रोडरांच्या पोरीचं नाव यंदा खेळाडूंच्या यादीत नाही. बघितलंस?”

“नाही.”

“अर्जावर बापाची सही लागते. तो करत नाहीये. त्याची बायको चर्चमध्ये माझ्या शेजारी बसते, ती सांगत होती. पोरगी म्हणते, पंचांनीच जायला सांगितलं होतं. ब्रेंट म्हणतो, मला शिकवू नकोस. पंच कोचला सांगतो आणि कोच येतो, एवढा नियम मलाही ठाऊक आहे. कोच आला नाही, तू आलीस. मी विचारलं तर तूच म्हणालीस, मीच सांगतेय. म्हणजे सत्तर माणसांसमोर बापाला हाकलून दिलंस ते दिलंस, वर आता खोटं बोलतेस.”

मी नळ बंद केला.

“अर्ज पुढच्या शनिवारी दुपारपर्यंत घेतात,” व्हर्ना म्हणाली. “पोरीचा हात चांगला आहे. एक वर्ष घरी बसली की गेला. तिनं कोणाकोणाला विचारलं असेल, देव जाणे.”

“मला विचारलं होतं,” मी म्हणालो. “ऑगस्टमध्ये.”

व्हर्नाने हातातला कप पुसून फळीवर ठेवला, मग दुसरा घेतला. “तुला पुस्तक पाठ आहे, लोवेल,” एवढेच शेवटी म्हणाली.

घरी येऊन मी टॉडला फोन केला. तो दुकानातच असावा. मागे पोती टाकल्याचा आवाज येत होता. टेनलीला खरे काय ते लिहिणार आहे आणि त्यात तुमचा उल्लेख येईल, असे मी सांगितले.

“लिहा, सर,” तो म्हणाला. मग आवाज उतरवून, “मला वाटलं होतं तुम्ही तेव्हाच लिहाल. तिनं आधी मलाच विचारलं होतं ना. मी म्हटलं, पंचांना विचार.”

“म्हणजे पुन्हा तिलाच पाठवलंत.”

“हो,” टॉड म्हणाला. “तसंच झालं खरं.”

त्याला नावे ठेवायचा अधिकार मला नव्हता. मी म्हणालो, तुम्हीही ब्रेंटशी बोला. तो म्हणाला, बघतो. बघतो म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही माहीत होते.

मग मी सातवा मसुदा लिहायला बसलो. आठवाही लिहिला. आठवा तसा बरा होता. घडी घालून पाकिटात घातला, पाकीट चिकटवले, आणि त्याच्याकडे बघत बसलो. श्रोडरांची पत्रपेटी रस्त्याच्या कडेला खांबावर आहे. टपाल ब्रेंट काढणार, पाकिटावर पोरीचे नाव बघून तिला देणार, आणि ती ते त्याला दाखवणार. तो वाचेल. कदाचित सहीही करेल. पण गावात तो पोरीने हाकललेला बापच राहील आणि ती बापाला हाकलणारी पोर. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या होत्या. जे सत्तर माणसांसमोर झाले ते चिकटवलेल्या पाकिटात दुरुस्त होईल असे मला वाटेना. मला नेहमी शंका येतात आणि त्यातल्या बऱ्याच फोल निघतात. ही फोल वाटली नाही.

सोमवारी सकाळी मी एक साधे पोस्टकार्ड काढले आणि बारीक अक्षरात लिहिले:

“टेनली, प्रेक्षकाला पिचरने बाहेर काढायचे असा नियम नाही. तुझ्या बाबांना जायला मी सांगितले होते. तू नाही. ते कोचने जाऊन सांगायचे असते. त्यांनी तुला पाठवले. मी ते पाहिले आणि तुला थांबवले नाही. थांबवणे माझे काम होते. ‘मीच सांगतेय’ असे तुला म्हणावे लागले, कारण तू माझ्याकडे पाहिलेस तेव्हा मी गप्प राहिलो. शिवाय तुझ्या बाबांना मी पहिल्याच वेळी थांबवायला हवे होते, म्हणजे गोष्ट इतकी वाढली नसती. नियम अकरावा, पान चौदा. हे कोणालाही दाखव. उत्तराला सहा महिने लागले, त्याबद्दल क्षमा कर. लोवेल हॉगन, पंच.”

दोनदा वाचले. ‘क्षमा कर’ बारा वर्षांच्या मुलीला जड वाटेल का, असा प्रश्न पडला. पण बदलायला जागा उरली नव्हती.

पोस्टात माझ्यापुढे दोन माणसे होती आणि मागे एक. खिडकीत ग्लेंडा होती. ती वाचनालयात यायची तेव्हाही पुस्तकाचे शेवटचे पान आधी वाचायची. तिने कार्ड घेतले, पत्ता पाहिला, मग उलटवून शांतपणे पहिल्या शब्दापासून वाचायला लागली. मी खिडकीच्या कडेला धरून उभा राहिलो. माझे कान गरम झाले होते.

“लोवेल,” ती म्हणाली, “हे उघडंच पाठवायचंय? पाकीट आहे माझ्याकडे. फुकटच देते, घे.”

“नको.”

“डि मॉइनच्या मोठ्या पोस्टात जाऊन परत यायचंय त्याला. दोन ठिकाणी हाताळतील. मग आपला पोस्टमन हँक घरोघर वाटेल, आणि हँकच्या तोंडात काही राहतं का?”

“कधी पोचेल?”

“गुरुवारी. फार तर शुक्रवारी.”

“मग चालेल.”

माझ्या मागच्या माणसाने मान पुढे काढली. “काय झालं, ग्लेंडा?”

“श्रोडरांच्या टेनलीनं बापाला घालवलं नव्हतं,” ग्लेंडा म्हणाली. “यानं घालवलं होतं.”

“यानं?” त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. “लोवेलनं?”

“हो,” मी म्हणालो. जमेल तितक्या मोठ्याने म्हणालो.

ग्लेंडाने कार्ड पुन्हा एकदा उलटवले, शिक्का मारला आणि डि मॉइनच्या थैलीत टाकले.